महाबळेश्वरांच्या घरचं बोलावणं

जिल्हा समितीचं पत्र आलं तेव्हा महाबळेश्वर मिशीला कलप लावत होते. डाव्या हातात आरसा, उजव्या हातात ब्रश आणि गुडघ्यावर पत्र, अशा अवस्थेत त्यांनी ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

'श्रमिक जागर मंचाच्या जोयडा शाखेच्या गेल्या तीन व्याख्यानांना अनुक्रमे नऊ, सात व सहा श्रोते उपस्थित होते. येत्या जयंती व्याख्यानास किमान पन्नास श्रोते नसल्यास सदर शाखा दांडेली शाखेत विलीन करण्यात येईल. निरीक्षक म्हणून कॉम्रेड नागेश उपस्थित राहतील.'

"सहा?" आतून सुनयनाबाई म्हणाल्या. "पाचच हुते की. सहावा तो बस चुकली म्हणून सावलीला बसला हुता."

"तोही शेवटपर्यंत बसला होता."

"बसच शेवटपर्यंत आली न्हाई, त्यो काय करंल?"

जोयडा शाखेचे सभासद चार. पहिले महाबळेश्वर, तालुक्याच्या वाचनालयातून निवृत्त झालेले ग्रंथपाल आणि बावीस वर्षं शाखेचे सचिव. दुसऱ्या सुनयनाबाई, त्यांच्या पत्नी. त्या आशा कार्यकर्त्या, आठवडाभर वाडीवाडीवर गोळ्या-औषधं घेऊन फिरणाऱ्या. त्यांना सभासद केल्याचं त्यांना दोन वर्षांनी कळलं. तिसरा लाडू, हा सध्या लेकीच्या बाळंतपणासाठी गोव्यात. चौथा दहा वर्षांपूर्वीच गोव्यात कामाला गेला तो परत आलेला नाही. पण त्याचं नाव कापलं तर तीनच उरतात, म्हणून ते कापलेलं नाही. आमच्या चळवळीत माणसं जातात, नावं राहतात. शाखेचं कार्यालय म्हणजे महाबळेश्वरांच्या घराची पडवी, आणि सभागृह म्हणजे तिच्यापुढचं अंगण.

दांडेलीत विलीन! दांडेलीच्या सचिवाने पंचवीस वर्षांपूर्वी एका अभ्यासवर्गात महाबळेश्वरांना भर बैठकीत 'पुस्तकी' म्हटलं होतं. त्याच्या हाताखाली बसायचं? बाहेरची पाटी उतरवायची? या पाटीशिवाय आपण म्हणजे नुसते निवृत्त ग्रंथपाल, हे महाबळेश्वरांना फार चांगलं ठाऊक होतं.

या विचारात दहा मिनिटांचा कलप पाऊण तास राहिला. संध्याकाळी वरचा ओठ सुजून टम्म झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तीस वर्षांत पहिल्यांदा, महाबळेश्वरांनी मिशी सफाचट केली.

"मी स्वतः घरोघर जाणार," त्यांनी जाहीर केलं. "बाजारकुणंग, कुंभारवाडा, मधल्या सगळ्या वाड्या. बासष्ट घरं. दोन दिवसांत."

"मग नारळ आन् अक्षता घिऊन जावा," सुनयनाबाई म्हणाल्या. "घरात जाऊन बसायचं, पानी घ्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, मग सांगायचं. हिकडं तसंच बोलवत्यात."

"प्रबोधनाच्या व्याख्यानाला अक्षता?"

"मग पान-सुपारी तरी?"

"तीही सरंजामी प्रथाच आहे."

"बरं. चा तरी घ्या लोकांच्यात. चा काय सरंजामी न्हाई."

इथे महाबळेश्वरांचं तत्त्व आड आलं. गरिबाच्या घरची साखर आपल्यासाठी खर्च होता कामा नये, असं त्यांचं मत होतं. शिवाय बासष्ट चहा प्यायले असते तर पित्ताने तेच विलीन झाले असते. तेव्हा ठरलं ते असं: घरात शिरायचं नाही, बसायचं नाही, काही घ्यायचं नाही. अंगणातूनच निरोप, हातात पत्रक आणि पुढचं घर.

पत्रक बेळगावहून छापून आलं होतं. मधोमध मार्क्सचा दाढीवाला फोटो, खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल, भोवती जाड काळी चौकट. मजकूर बारीक आणि लांबलचक. 'जागतिक अरिष्ट आणि जोयडा तालुका' हा विषय तळाशी होता. तिथवर कुणी वाचत जाईल, हा महाबळेश्वरांचा जुना आशावाद.

पहिला दिवस बाजारकुणंगच्या बाजूला गेला. दुसऱ्या दिवशी कुंभारवाड्याच्या उतारावर उजव्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार गाठायचा तर रामनगर. महाबळेश्वरांनी दोन्ही चपला पिशवीत घातल्या आणि पांढरा सदरा झटकून अनवाणी चालू लागले. दोन दिवस ओरडून सांगितल्यामुळे घसाही बसला होता.

कुंभारवाड्यात लखू अज्जा परसाचं कुंपण बांधत होते. वय सत्तरीच्या पुढचं, वाडीचे बुदवंत. म्हणजे वाडीत लग्न असो की भांडण, पहिला शब्द त्यांचा. अंगणाच्या कडेला महाबळेश्वर उभे दिसले तसे ते हातातली काठी टाकून उठले.

"ये रे, म्हाबळेश्वरा. भायेरच का उभा? आगे चंद्रा, पानी आण."

त्यांची म्हातारी, चंद्रा, तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. महाबळेश्वरांनी दुरूनच हात आडवा केला.

"नको. पाणी नको. आत येत नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "रविवारी सकाळी दहाला आमच्या घरी या. सगळ्यांनी या."

पत्रक पायरीवर ठेवून ते वळले आणि 'येतो' न म्हणताच गेले. अजून एकोणीस घरं उरली होती.

आता यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. पण या डोंगरात लग्नाचं, बारशाचं, पूजेचं बोलावणं घरात बसून होतं. अंगणात उभं राहून, पाणी न पिता, 'येतो' न म्हणता सांगण्याचा निरोप एकच असतो. तो मयताचा.

म्हातारा-म्हातारी बराच वेळ वाटेकडे बघत राहिले.

"मिशी काढलीया," चंद्रा हळूच म्हणाली.

"पायात बी काय न्हाई."

"रडून रडून आवाज बसलाय बघा. कोण गेलं वो तेंच्यातलं?"

"दारात ईचारायचं नसतंय." लखू अज्जांनी पत्रक उचललं, काळी चौकट बघितली आणि कपाळाला लावलं. "ह्यो बघ. दाढीवाला. तेचा थोरला चुलता आसंल. गोयांत पळून गेलता, साधू झालता म्हनत हुते."

"साल काय लिवलंय?"

"अठराशे…" अज्जांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "छापनाऱ्यानं घोटाळा केलाय. एकोनीसशे आसंल. तांदूळ काढून ठेव. मयताच्या घरी रित्या हातानं जायचं न्हाई."

तिकडे महाबळेश्वर तरंगत घरी आले. एरवी पत्रक दिलं की लोक विचारायचे, जेवण हाय काय? जीप पाठवशील काय? या खेपेला एकानेही प्रश्न विचारला नव्हता. सगळ्यांनी मान खाली घालून हात जोडले होते. एका बाईने तर पदराने डोळे टिपले होते.

"अगं, जनता जागी झाली आहे," त्यांनी सुनयनाबाईंना सांगितलं. "मला आज तिच्या डोळ्यांत दिसलं."

"पाय धुवा आधी," सुनयनाबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळच्या गाडीने कॉम्रेड नागेश आले. तरुण, गंभीर, बगलेत फॉर्मांची फाइल. महाबळेश्वरांनी अंगणात पन्नास माणसांपुरत्या चटया घातल्या होत्या आणि त्यांतल्या वीस पुन्हा गुंडाळून ठेवल्या होत्या, रिकाम्या चटया फार दिसू नयेत म्हणून. साडेनऊला पहिली जीप आली. तिच्या टपावरसुद्धा माणसं होती. मग दुसरी आली, तिसरी आली. चालत आलेले लोक तर वाटेवर रांगच लावून होते.

सगळ्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या. कुणी हसलं नाही, कुणी तंबाखू मळली नाही. एकेक जण पडवीत येई, टोपलीतले तांदूळ, नाचणी, कोनाचे मोठमोठे कंद कोपऱ्यात ठेवी, फोटोपुढे हात जोडी आणि गुपचूप चटईवर जाऊन बसे. गुंडाळलेल्या चटया उलगडल्या, त्याही पुरल्या नाहीत. कुणीतरी फोटोला तुळशीची माळ घातली आणि पुढे पणती लावली. महाबळेश्वर चरकले.

"असू द्या," नागेश कुजबुजले. "लोकभावना आहे." मग त्यांनी पेन्सिलने माणसं मोजली, पुन्हा मोजली आणि फॉर्मावर आकडा लिहिला: एकशे त्रेसष्ट. "कॉम्रेड, ही शिस्त जिल्ह्याला, कारवारातही नाही. आणि लोक शिधा घेऊन आलेत! हे तुम्ही केलंत तरी कसं?"

"संपर्क," महाबळेश्वर विनयाने म्हणाले. "तळागाळाशी संपर्क."

त्याच वेळी स्वयंपाकघरात चंद्राने सुनयनाबाईंना मिठी मारून हंबरडा फोडला होता. सुनयनाबाईंना वाटलं, हिच्याच घरी काहीतरी झालं. त्यांनीही तिला घट्ट धरलं.

"कधी गं आक्का? कसं झालं?"

"तुमीच सांगा की, बाय! आमास्नी काय ठावं?"

"मला कोण सांगतंय? मी चार दिस तुमच्या वाडीला आलेच न्हाई!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून एकमेकींची समजूत घालत राहिल्या. पाच मिनिटांनी चंद्राने डोळे पुसून विचारलं, "चुलतसासरा तसा लांबचा, पन शेवटी आपलाच. लई दिस आजारी हुते काय?" तेव्हा सुनयनाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिशी, अनवाणी पाय, अंगणातला निरोप, सगळं त्यांनी एका दमात जुळवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

त्या दारात आल्या. "आवो, जरा आत या."

"आत्ता नाही, कॉम्रेड," महाबळेश्वर म्हणाले. पाहुण्यांसमोर ते बायकोला कॉम्रेड म्हणत.

"आवो, तुमचा चुलता…"

"प्रश्नोत्तरं शेवटी." आणि ते भाषणाला उभे राहिले.

भाषण एकतीस पानांचं होतं. पहिली तीन पानं झाली तरी टाळी नाही. एरवी निदान लाडू वाजवायचा. पण लोक ऐकत मात्र असे होते की महाबळेश्वरांना भरून आलं. बायका पदर तोंडाला लावून होत्या, म्हाताऱ्यांच्या माना हलत होत्या. चौथ्या पानावर त्यांनी आवाज चढवला आणि फोटोकडे हात केला.

"लोक म्हणतात, हा माणूस मेला! मी सांगतो, हा मेलेला नाही! तो इथेच आहे! तुमच्यात आहे, माझ्यात आहे!"

अंगणात चळवळ झाली, पण आम्हाला अपेक्षित असते ती नव्हे. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सरसर मागे सरकल्या. एका आईने पोराला पदराआड घेतलं. "अंगात आलं गं बाय," कुणीतरी म्हणालं.

लखू अज्जा काठी टेकत उठले. "म्हाबळेश्वरा, आसं बोलू नये बाबा. गेलेल्याला आडवून धरू नये. तेला वाट मोकळी करून दे. घर सोडून गेलता, साधू झालता, तरी चुलता तो चुलताच."

"कोणाचा चुलता?"

"तुझाच की. दाढीवाला."

महाबळेश्वरांनी फोटोकडे पाहिलं, तुळशीच्या माळेकडे पाहिलं, तांदळाच्या राशीकडे पाहिलं. दारातून सुनयनाबाई आपल्या ओठावर बोट फिरवून मिशीची खूण करत होत्या. हळूहळू महाबळेश्वरांच्या डोक्यात सगळं जुळलं.

आता खरी परीक्षा होती. शेजारी नागेश बसले होते आणि फॉर्मावर आकडा पडला होता. तोंड मिटून उरलेली सत्तावीस पानं वाचली असती तर शाखा वाचत होती. चुलता मडगावात ठणठणीत होता. एका दुपारपुरता मेला असता तर त्याचं काहीच बिघडत नव्हतं. मोह झाला, हे महाबळेश्वर आजही कबूल करतात.

"अज्जा," ते म्हणाले, "माझ्या घरी कुणी मेलेलं नाही. मी तुम्हाला भाषणाला बोलावलं होतं."

नागेशांची पेन्सिल खाली पडली.

"कोन मेलं न्हाई?" लखू अज्जांनी हळू विचारलं.

"कुणीच नाही. हा फोटोतला गृहस्थ गेला, पण त्याला फार वर्षं झाली. तो आमचा कुणी नव्हे. म्हणजे आमचाच, पण नात्यातला नव्हे."

"मग मिशी?"

"कलप."

"आन् पाय?"

"चप्पल तुटली."

"मग माझ्या दारात पानी का घेतलं न्हाईस?"

"तुमची साखर उगाच…" महाबळेश्वरांचा आवाज उतरला. "तुमच्यावर भार नको म्हणून."

आतापर्यंत शांत असलेले अज्जा इथे मात्र तापले. "भार? आमी काय भिकारी हाय काय रे? बावीस वर्सं तू आमचे जमिनीचे अर्ज लिवतोयस, तालुक्याला खेपा घालतोयस. कवा एक घोट पानी घेतलास आमच्यात? आं? तुझ्या घरात मयत झालं म्हटल्यावर आमी रातीत सांगावा फिरवून माणसं जमवली. टपावर बसून आलाव. भाषानाला कोन येतंय इतक्या लांब?"

महाबळेश्वरांनी एकतीस पानांची चवड मिटून खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले. आपण ज्या लोकांसाठी बावीस वर्षं घसा फोडला, त्यांना आपला घसा नको होता, आणि तरी आपल्या दुःखात एकूण एक माणूस धावून आला होता. लाज वाटावी की आनंद, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही वाटून घेतलं.

"चुकलो अज्जा," ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

"चुकलासच," अज्जा म्हणाले, आणि तेही शेजारी बसले. "आता ह्ये तांदूळ. मयताच्या घरी आणलेलं परत न्यायचं न्हाई. मयत नसलं तरी न्यायचं न्हाई. शिजवा."

मग मात्र अंगणाला कंठ फुटला. कुणीतरी फस्सकन हसलं आणि हसू चटयाचटयांवरून पसरत गेलं. पुरुषांनी चुली मांडल्या, पडवीत कंद सोलायला बायका बसल्या. भात रटरटू लागला तशा पोरींनी फुगड्या धरल्या. फॉर्मावर 'सांस्कृतिक कार्यक्रम' असा एक रकाना होता. नागेशांनी तिथे 'झाला' असं लिहिलं.

"खरं ते लिहा," महाबळेश्वर त्यांना म्हणाले. "लोक मयताला आले होते."

"तसा रकाना नाही, कॉम्रेड," नागेश खेदाने म्हणाले. "पण आकडा प्रामाणिकपणे टिकवायचा तर एक मार्ग आहे. यातले काही लोक सभासद झाले तर?"

जेवणं झाल्यावर त्यांनी अंगणाला तसं विचारलं. लोकांनी अज्जांकडे पाहिलं.

"मेंबर झालं की काय करायचं?" अज्जांनी विचारलं.

"महिन्याला एक बैठक. वाडीचे प्रश्न मांडायचे. बसचे, जमिनीचे."

"बसाय येऊ की. तिथं बोलनार कोन?"

"सचिव बोलतात."

सगळ्या अंगणाने महाबळेश्वरांकडे प्रेमाने पाहिलं, आणि मग एकमेकांकडे. शेवटी चंद्रा पुढे झाली.

"राग मानू नका म्हाबळेश्वरण्णा. तुमी लई चांगलं माणूस. पन सुनयनाक्काला करा की सचिव. ती आमच्यात येते, चा घेते, गोळ्या देते, आन् आमचं बोलनं ऐकून घेते. ती आसंल तर माझ्या घरातली चार मेंबर लिवून घ्या."

"माझी पाच," मागून आवाज आला. आणि मग घरं एकामागून एक आकडे सांगू लागली.

नागेशांनी नियमावली उघडली. सचिव बदलण्याचा ठराव मांडायला सूचक कुणीही चालतो. पण अनुमोदन शाखेच्या जुन्या, हजर सभासदानेच द्यायला हवं, आणि उमेदवाराने स्वतःला अनुमोदन देता कामा नये. जुने सभासद चार. दोघे गोव्यात. तिसऱ्या सुनयनाबाई, त्या उमेदवार.

हा नियम महाबळेश्वरांनीच बावीस वर्षांपूर्वी भांडून नियमावलीत घालून घेतला होता.

ते उठले. त्यांनी घसा साफ केला. लोक सावध होऊन चटया गोळा करू लागले, तेव्हा त्यांनी हात वर करून सांगितलं, "भाषण नाही. अनुमोदन." आणि ते खाली बसले. त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत छोटं भाषण, आणि टाळ्या पडल्या त्याही याच एका भाषणाला.

चारच्या गाडीला निघताना नागेशांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "अभिनंदन कॉम्रेड! शाखा वाचली. अठ्ठावन्न नवे सभासद. दांडेलीचे एकूण एकतीस आहेत. आता दांडेलीच तुमच्यात विलीन करावी लागेल असं दिसतंय."

महाबळेश्वरांना फार बरं वाटलं. त्या आनंदात ते आत आले. सुनयनाबाई चुलीजवळ बसून नव्या वहीत नावं लिहीत होत्या, आणि भोवती दहा-बारा बायका एकदम बोलत होत्या.

"सचिव," ते अदबीने म्हणाले, "भाषणाची सत्तावीस पानं राहिली आहेत."

सुनयनाबाईंनी वही मिटली नाही, पण नवऱ्याकडे मायेने पाहिलं.

"ठेवा जपून," त्या म्हणाल्या. "फुडच्या बैठकीला विषयपत्रिकेवर घेऊ. शेवटचा विषय. वेळ उरला तर."